इंग्लिश शिकवायला परदेशात: बी.ए. झाल्या झाल्या जावं की बी.एड. करून?

मंजिरी_साताराकर
माझ्या मावसभावाने यंदा बी.ए. इंग्लिश केलं, आता १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स करून थेट बाहेर जायचं म्हणतोय, त्याच्या वर्गातले अजून तिघंचौघं तयार आहेत. माझं म्हणणं, फी भरायच्या आधी आपल्या पासपोर्टवर कुठे घेतात ते बघा. कोरियाचा ई-२ व्हिसा (परदेशी भाषाशिक्षकांसाठीचा) मुळात सात देशांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. चीनमध्येही मुख्यतः याच देशांचे लोक घेतात. कोर्स विकणारे हे सांगत नाहीत. म्हणून आधी बी.एड., दोन वर्षं इथल्या शाळेत काढायची आणि मग बाहेर. गल्फमधल्या सीबीएसई शाळाही बी.एड. आणि अनुभवच विचारतात.

इसानवाला
ताई, नाही पटलं. बी.एड. म्हणजे सीईटी धरून अडीच-तीन वर्षं गेली, पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी), शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट, तोवर खाजगी शाळेत आठ-दहा हजारावर राबायचं. बावीस वर्षांच्या पोराने हे का करावं? मी साधा बी.एस्सी., थायलंडच्या ईशान्य भागात सरकारी शाळेत शिकवतोय. इंग्रजी मातृभाषा नाही म्हणून टोइक ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली, ६०० च्या वर स्कोअर लागतो, शाळेने कागद दिले, नॉन-बी (नोकरीसाठीचा) व्हिसा झाला, मग वर्क परमिट, आणि टीचिंग लायसन्स नाही म्हणून तात्पुरती सूट. गोऱ्या सहकाऱ्याला त्याच वर्गांचे माझ्यापेक्षा जास्त मिळतात, याची चीड येतेच, पण रोज चाळीस पोरांसमोर उभं राहून जे शिकलो ते मला पुण्यात कुणी शिकू दिलं नसतं.

गद्रे_बाई
आणि त्या चाळीस पोरांचं काय हो? तीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलंय मी, पहिल्या वर्षी माझ्या वर्गात मागच्या बाकावरची मुलं काय करतायत हे सुद्धा मला कळत नव्हतं, आणि मी तर रीतसर ट्रेनिंग घेऊन गेले होते. ऑनलाइन कोर्सच्या १२० तासांत बहुतेक वेळा एकही खरं मूल समोर नसतं. करायचाच तर सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स करा, महाग आहे पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी बघत असतं. थाई मूल आहे म्हणून त्याच्यावर सराव केला तर चालतो, असं नाही ना.

कागदपत्रवाला
मंजिरीताई, कोरियाचं थोडं अपुरं आहे. २०१० पासून भारत-कोरिया सेपा (आर्थिक भागीदारी) करार लागू आहे, त्यात इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट असलेल्या भारतीयांना सरकारी शाळेत सहाय्यक शिक्षक म्हणून ई-२ ची सोय आहे. म्हणजे बी.एड. तिथे पण उपयोगीच. जपानच्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला मात्र बारा वर्षं इंग्रजीतून शिक्षण झालेलं दाखवावं लागतं, मराठी माध्यमाची पोरं तिथेच अडतात, मग त्यांचं इंग्रजी कितीही चांगलं असो. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

मंजिरी_साताराकर
@इसानवाला दादा, तुमचं जमलं कारण शाळेने कागद दिले. माझ्या मावसभावाला एजंट म्हणतोय टुरिस्ट व्हिसावर या, तिथे गेल्यावर बदलून देतो. त्याचं काय?

इसानवाला
त्याला आजच्या आज नाही म्हणायला सांगा, यात माझं तुमचं एकच मत. थायलंडच्या नोकरीचं सांगून पोरांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावड्डीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलंय, मार्च २०२५ मध्ये ५०० हून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. शाळेचं नाव, करार आणि व्हिसाचे कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. पण म्हणून रस्ताच बंद करू नका त्याचा.

गद्रे_बाई
रस्ता बंद कुणी करत नाहीये. एक वर्ष इथे कुठल्याही शाळेत शिकवू दे, मग जाऊ दे.

इसानवाला
एक वर्ष चालेल बाई, तीन नको. तोवर डिग्रीचं अटेस्टेशन (अधिकृत प्रमाणीकरण) आणि पोलिस क्लिअरन्सची माहिती काढून ठेवू दे, नुसत्या प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) पदवी प्रमाणपत्रावर अडवतात, युनिव्हर्सिटीकडे पदवी प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाकायला सांगा. इकडे थायलंडमध्ये शाळा मे महिन्यात सुरू होतात, दुसरं सत्र साधारण नोव्हेंबरला.