मदत हवी आहे: वणव्यात आणि आपत्तीत शेजारी जिल्ह्यांची साधने वाटण्याचा निर्णय कोणी घ्यावा?

नमस्कार. वणवा किंवा पूर आल्यास लगतच्या जिल्ह्यांनी एकमेकांना बंब, टँकर, प्रशिक्षित पथके आणि जेसीबी कसे पुरवावेत, यासाठीच्या परस्पर मदत कराराचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. साधनांची यादी जमली आहे, परंतु वाटपाच्या कलमापाशी काम अडले आहे.

कॅलिफोर्नियातील १९७० च्या वणव्यांत निरनिराळ्या यंत्रणांची परिभाषा आणि आदेशाची साखळी जुळली नाही, आणि त्या अनुभवातून पुढे इन्सिडेंट कमांड सिस्टिम, म्हणजे सर्व यंत्रणांना एकाच आदेशरचनेत आणणारी पद्धत, घडली. त्या पद्धतीत जागेवरचा प्रमुख आपल्या आगीपुरते निर्णय घेतो. दोन ठिकाणांहून एकाच पथकाची मागणी आली, तर प्राधान्य ठरवण्याचे काम वरच्या समन्वय गटाकडे असते. आमच्या मसुद्यात असा गट आहे, मात्र एखाद्या जिल्ह्याला आपले पथक नाकारण्याचा अधिकार असावा का, यावर एकमत होत नाही.

माझ्या मते प्रत्येक जिल्ह्याला किमान राखीव साधने घरी ठेवू द्यावीत आणि ती संख्या कायमची न ठरवता रोजचे तापमान, हवेतील आर्द्रता आणि वारा पाहून ठरवावी. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी शेजारीही त्याच धोक्यात असतात; त्या दिवशी यादीतली एकूण बेरीज फसवी ठरते. हा हिशेब रोज कोण आणि किती वाजता करतो, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार मदत होईल.

दुसरी अडचण साधी दिसते, पण तीच जास्त घातक वाटते. यादीत नुसते ‘टँकर’ लिहिले आहे. क्षमता, पंप, सोबतची माणसे, रेडिओची वारंवारता यांपैकी काहीच नाही. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या १९९१ च्या आगीत तेथील हायड्रंटची (आग विझवण्यासाठीच्या रस्त्यावरील नळांची) तोंडे तीन इंची होती आणि बाहेरून मदतीला आलेल्यांच्या होजचे (पाण्याच्या पाइपचे) जोड अडीच इंची, त्यामुळे ॲडाप्टरवाचून पाणी घेता येईना. होजच्या जोडांचे माप आणि ॲडाप्टरची संख्या यादीतच नोंदवण्याची पद्धत कोणी वापरता का?

पथकांच्या विश्रांतीसाठी दोन तास कामामागे एक तास हे अमेरिकेतील प्रमाण घेतले आहे. डिझेल आणि दुरुस्तीचा खर्च मागणाऱ्याने द्यावा, यावर वाद नाही. नकाराच्या अधिकाराचे आणि दिलेले पथक परत बोलावण्याचे कलम कोणाच्या करारात असेल, तर त्याची नेमकी शब्दरचना कृपया येथे द्यावी.