मदत हवी आहे: तांब्याच्या पाव आण्यावर पत्र्याच्या बादलीसारखी नक्षी

नमस्कार मंडळी,

आत्याने तिच्याजवळचे सात पाव आणे मला दिले. सगळे ईस्ट इंडिया कंपनीचे, १८३५ सालचे. पाच नेहमीसारखे गडद तपकिरी, झिजलेले. उरलेल्या दोघांनी मात्र आठवडाभर माझी झोप उडवली आहे.

त्यांचा रंग फिका गुलाबीसर आहे. दहापट भिंगातून पाहिलं तर सगळा पृष्ठभाग कोनदार तुकड्यांचा दिसतो, काही मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. नाणं जरा कललं की एक तुकडा चमकतो आणि शेजारचा काळा पडतो. जस्त चढवलेल्या बादलीवर फुलं दिसतात ना, अगदी तसं. काही तुकड्यांत सरळ, समांतर रेघा आहेत आणि त्या तुकड्याच्या सीमेवरच थांबतात.

गंजाने खाल्लंय म्हणावं तर वेडेवाकडे खड्डे नाहीत. नाणं ज्या ठशाने पाडलं तो गंजलेला असता तर नाण्यावर फोडासारखे उंचवटे आले असते, तेही नाहीत. शिवाय 'क्वार्टर' शब्दातल्या अक्षरांवरून तुकड्याची सीमा थेट खालच्या सपाट भागात उतरते, जणू मध्ये अक्षर नाहीच.

वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम हवं. बाकीची पाच ६.३च्या आसपास भरतात, ही दोन ५.९ आणि ५.८. कडेला सांधा नाही, बुडबुड्यांची छिद्रं नाहीत, पण अक्षरं बोथट आहेत. ही ओतीव नकली नाणी असतील का? जाणकारांनी कृपया सांगावं. आत्याने जपून ठेवलेली आहेत, म्हणून जास्त जीव अडकलाय.

प्रतिसाद

तुम्ही समांतर रेघांचा उल्लेख केलात ते फार बरं झालं, कारण सगळं त्यावरच आहे. दिसतायत ते तांब्याचे स्फटिककण. आम्लात प्रत्येक कण आपापल्या दिशेप्रमाणे कमी-जास्त विरघळतो, म्हणून ते वेगवेगळे चमकतात. ओतीव तांब्यातही मोठे कण असतात, पण अशा सरळ, समांतर रेघा ठोकलेलं किंवा लाटलेलं तांबं नंतर तापवल्यावर येतात. नुसत्या ओतीव तुकड्यात त्या मिळत नाहीत.

टांकसाळीतून निघालेल्या नाण्यात कण इतके मोठे नसतात. माझा अंदाज असा, की नाणी कधीतरी आगीत सापडली, कण वाढले, आणि पुढे कुणीतरी ती आम्लात बराच वेळ ठेवली. घटलेलं वजन आणि बोथट अक्षरं दोन्ही त्यात बसतात. अक्षरांच्या खाचांत काळा थर उरलाय का पाहा. तांबं तापलं की काळा ऑक्साइड धरतो. आणि आता कशानेही घासू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार! आत्ताच पाहिलं. एका नाण्यावर सिंहाच्या पायांमध्ये काळा, कडक थर आहे, दुसऱ्यावर काहीच नाही. आत्याला विचारलं, तर तिच्या सासऱ्यांनी काही नाणी 'उजळायला' आम्लात टाकली होती एवढं तिला आठवतं. आगीचं तिला माहीत नाही.

एक शंका उरते. ५.८ ग्रॅमच्या नाण्याच्या कडेजवळ फिकट हिरवी भुकटी आहे, काडीने सहज सुटते. हा क्लोराइडचा रोग, म्हणजे क्षारांमुळे तांब्याला लागणारा, पसरत जाणारा गंज असेल तर त्याला बाकी नाण्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवतो. तेवढं पुरेल, की आधी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून क्षार काढावेत?