मदत हवी आहे: 90 दिवसांची नोटीस आणि नव्या कंपनीची घाई

क्वालिटीवाला
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. 17 ऑगस्टला लागलो होतो, येत्या ऑगस्टमध्ये पाच वर्षं होतील. तळेगावच्या एका कंपनीची चांगली ऑफर आली म्हणून 2 जूनला पेपर टाकला. नोटीस 90 दिवसांची, म्हणजे 31 ऑगस्टपर्यंत. नव्या कंपनीला मी 20 जुलैला हवा आहे.

इथलं एचआर म्हणतंय, प्लँट हेडने राजीनामा मंजूरच केलेला नाही, सप्टेंबरात कस्टमर ऑडिट आहे, लवकर सोडता येणार नाही. पोर्टलवर अजून 'पेंडिंग' दिसतंय. फारच घाई असेल तर 18 जुलैनंतर उरलेल्या 44 दिवसांचा ग्रॉस पगार भरा आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. माझा ग्रॉस, म्हणजे भत्त्यांसह एकूण पगार 52 हजार, बेसिक म्हणजे मूळ वेतन 26 हजार. म्हणजे जवळजवळ 90 हजार रुपये! नाही भरले तर रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही, वर रेकॉर्डला 'ॲब्स्काँडिंग' लावू म्हणाले. हे सगळं तोंडी, मेलवर एक अक्षर नाही.

अपॉइंटमेंट लेटरमध्ये असं आहे: 'कोणत्याही पक्षास 90 दिवसांची लेखी सूचना देऊन, अथवा त्याऐवजी तितक्या दिवसांचे मूळ वेतन देऊन, ही नेमणूक संपुष्टात आणता येईल.'

मंजुरीशिवाय जाता येतं का? आणि हे 90 हजार खरंच भरावे लागतात का? घरचा हप्ता चालू आहे, उगाच कोर्टकचेरी नको.

भोसरीकर
अहो, आमच्याकडेही हेच. पेपर टाकला की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची वागणूक बदलते. परवापर्यंत तुमच्यावाचून लाइन थांबत होती, आता चहाला कोणी हाक मारत नाही. वाचतोय, मलाही उपयोग होईल.

वकिलीणबाई
राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट म्हटलंय. करारात किंवा स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांत, मंजुरीची अट असेल, किंवा तुमच्यावर शिस्तभंगाची चौकशी चालू असेल, तर गोष्ट वेगळी. तुम्ही दिलेल्या कलमात मंजुरीचा उल्लेखच नाही. त्यामुळे प्लँट हेडने बटण दाबलं काय नि नाही काय, नोटीस 2 जूनपासून चालू झाली. फक्त पोर्टलवर विसंबू नका. राजीनामा दिल्याची तारीख लिहून आजच एचआर आणि प्लँट हेड दोघांना मेल टाका.

दुसरं, तुमच्या कलमात नोटीस किंवा पैसे, हा पर्याय दोन्ही बाजूंना आहे. तो फक्त कंपनीला असता तर त्यांना अडून बसायला जागा होती. आणि नोटीस मोडली तरी कोर्ट तुम्हाला परत गेज हातात देऊन लाइनवर उभं करत नाही. वैयक्तिक सेवेचा करार असा जबरदस्तीने राबवता येत नाही, 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम 14 बघा. कंपनीला मागता येतात ते पैसे, तेही करारात लिहिलेत तेवढेच. तिथे मूळ वेतन लिहिलंय, ग्रॉस नाही.

पगारपत्रक
बारा महिने पगारच बनवतो, म्हणून थोडा हिशोब.

बेसिकवर 44 दिवसांचे 38,133 रुपये होतात. जीएसटी शून्य. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं 3 ऑगस्ट 2022 चं 178 क्रमांकाचं परिपत्रक आहे. नोटीस न भरल्याबद्दल केलेली वसुली ही कुठल्या सेवेची किंमत नाही, म्हणून तिच्यावर जीएसटी लागत नाही, असं त्यात आहे. परिपत्रक मेलला जोडा. हे कळूनही काही ठिकाणी अजून 18 टक्के लावून बघतात, समोरचा गप्प बसला तर बसला.

पण मला दुसरंच खटकतंय. दादा, तुम्ही ग्रॅच्युइटी विसरलात, पाच वर्षं नोकरी झाली की सोडताना कंपनीने द्यायची रक्कम. 18 जुलैला बाहेर पडलात तर पाच वर्षांना महिनाभर कमी. 26 हजार बेसिकवर दर वर्षाला पंधरा दिवसांचे पैसे, म्हणजे महिन्याचे 26 दिवस धरून 26 ने भागून 15 ने गुणायचं, 15 हजार. गुणिले पाच, 75 हजार रुपये. नोटीसचा काळही नोकरीतच धरतात. 17 ऑगस्ट हा शेवटचा दिवस ठेवलात तर पाच वर्षं पूर्ण, वादच नाही. शिवाय नोटीस 14 दिवसच कमी पडते, त्याचे बेसिकवर 12,133. म्हणजे जुलैत गेलात तर खिशातून 38 हजार जाणार आणि ग्रॅच्युइटी लटकणार, ऑगस्टात गेलात तर 12 हजार देऊन 75 हजार येणार. नव्या कंपनीकडे आधी चार आठवडे मागा. मग इथल्यांशी भांडा.

सदाफुली
पण चार वर्षं 240 दिवस झाले की ग्रॅच्युइटी बसते ना? माझ्या मैत्रिणीला मिळाली होती.

वकिलीणबाई
पाचव्या वर्षात 240 दिवस काम झालं की ते वर्ष पूर्ण धरायचं, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलंय. तो मुद्दा यांच्याही बाजूने आहे. पण सगळ्या कंपन्या तो मुकाट्याने मानत नाहीत, मग कामगार खात्याकडे अर्ज, तारखा, सगळं आलं. यांना कोर्टकचेरी नकोय, म्हणून पगारपत्रक सांगतायत तेच बरं.

क्वालिटीवाला
ग्रॅच्युइटीचं डोक्यातच नव्हतं! बायकोला सांगितलं तर ती म्हणते, एचआरला पेढे द्या, त्यांनी अडवलं म्हणून वाचलात.

आज मेल टाकला, राजीनाम्याची तारीख लिहून, कलमाचा फोटो आणि परिपत्रक जोडून. तासाभरात एचआरचा फोन, 'मेल कशाला, बसून बोलू ना.' जीएसटीचा विषयच काढला नाही. ग्रॉसचं मात्र अजून 'बघतो' चाललंय. पैसे कधी मिळतात पण? इथे सोडून गेलेल्यांना दोन-दोन महिने एफ अँड एफ, म्हणजे शेवटचा पूर्ण हिशोब, मिळत नाही. आणि त्या ॲब्स्काँडिंगचं काय?

पगारपत्रक
21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. हे सुपरवायझर, मॅनेजर सगळ्यांना लागू आहे. 'आमची पॉलिसी 45 दिवसांची' हे उत्तर आता चालत नाही. ग्रॅच्युइटीला 30 दिवस. शिल्लक रजेचे पैसेही त्याच हिशोबात मागून घ्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर) ट्रान्सफर करा, पाच वर्षांच्या आत काढला तर कराचं लचांड मागे लागतं.

वकिलीणबाई
ॲब्स्काँडिंग म्हणजे न सांगता पळून जाणं. लेखी राजीनामा देऊन, शेवटची तारीख कळवून, रोज पंच करणारा माणूस पळालेला कसा? शेवटच्या दिवसापर्यंत एकही दांडी मारू नका, गेज, लॅपटॉप, आयकार्ड परत केल्याची सही घ्या. तरीही कागद अडवले तर एक लेखी पत्र आणि मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार. बहुतेक वेळा पत्रावरच काम भागतं.

क्वालिटीवाला
अपडेट देतो. तळेगाववाले आधी 3 ऑगस्टवर अडले होते. त्यांच्या क्वालिटी हेडशी सरळ बोललो, ग्रॅच्युइटीचं कारण सांगितलं. ते हसले, म्हणाले मीही असाच थांबलो होतो. 18 ऑगस्टला जॉइन व्हा म्हणालेत. इथे आता शेवटचा दिवस 17 ऑगस्ट असं कळवू का लगेच?

पगारपत्रक
थांबा. बोलणं झालं म्हणजे झालं नाही. 18 ऑगस्ट ही तारीख घातलेलं सुधारित ऑफर लेटर हातात येऊ द्या, मग इथे मेल करा. त्यात 14 दिवसांचं मूळ वेतन कलमाप्रमाणे हिशोबातून वळतं करा एवढंच लिहा. ऑडिटची फाइल कोणाकडे सोपवताय तेही लिहा, प्लँट हेडची खरी काळजी तीच असणार. आणि बीसीसीत स्वतःचं जीमेल ठेवा, कंपनीचा आयडी शेवटच्या दिवशी दुपारीच बंद करतात.