पुनर्विकासात तळमजला नुसतं पार्किंग होऊ नये म्हणून नकाशात काय बदलून घ्यावं?

पिंपळपार:
पुण्यातली 24 सदनिकांची सोसायटी, समोर 12 मीटरचा रस्ता. आज कुंपण कमरेइतकंच आहे, कडेला वाणी आणि इस्त्रीवाला, त्यामुळे रात्री दहापर्यंत वर्दळ असते. बिल्डरच्या नकाशात अख्खा तळमजला पार्किंगला, समोर 2.4 मीटरची भिंत आणि एकच फाटक. विकास करारावर सह्या होण्याआधी आर्किटेक्टला नेमकं काय सांगावं?

ओळंबा:
आधी तळमजल्याची उंची धरा. बीमखाली 2.4 मीटर ठेवले तर धड गाळा होत नाही आणि गाडीवर गाडीही बसत नाही. स्लॅब ते स्लॅब 4.2 मीटर मागा. 60 सेंमीचा बीम गेला तरी 3.6 उरतात. मग मागे दोन मजली स्टॅक पार्किंग बसतं आणि रस्त्याकडची गाड्यांची एक रांग, म्हणजे 5 मीटर खोल पट्टी, गाळ्यांना मोकळी होते. कॉलम 7.8 मीटरवर घेतले तर मागे दोन कॉलमांत तीन गाड्या आणि पुढे साधारण पावणेचार मीटरचे दोन गाळे. एकच मोठं शोरूम काढू देऊ नका. वाण्याला, शिंप्याला छोटा गाळाच परवडतो, आणि रस्ता जागा राहतो तो दारांच्या संख्येवर.

स्टॅक मंजुरीच्या नकाशातच दाखवून घ्या, मागाहून उंची मिळत नाही. त्यातल्या खालच्या-वरच्या गाड्या एकाच घराच्या ठेवा. खालची काढल्याशिवाय वरची उतरत नाही, त्यामुळे दोन घरांत वाटली की रोजचं भांडण.

गाळे फसतात ते वरच्या न्हाणीघरांमुळे. 110 मिमीचा पाइप 1:40 उताराने 8 मीटर आडवा नेला की 20 सेंमी खाली येतो आणि सांधे गळतात दुकानदाराच्या मालावर. न्हाणीघरं डक्टला, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीला, लावून घ्या, पाइप सरळ खाली जाऊ दे.

गुण्या:
जोत्याकडेही बघा. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, जोतं बेताचं ठेवलं तर काही पावसाळ्यांनी पाणी गाळ्यात. 45 सेंमी ठेवा. त्याला 1:12 ने 5.4 मीटरचा रॅम्प लागतो. सरळ पुढे काढला तर तो फुटपाथवर येतो, म्हणून दर्शनी भिंतीला समांतर, 1.2 मीटर रुंद घ्या. त्याची बाहेरची कड 45 सेंमी उंच सपाट बांधली की आपोआप कट्टा होतो. वर शहाबादी फरशी, कड गोल घासलेली, बाहेरच्या बाजूला हलका उतार, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं. रॅम्पच्या वरच्या टोकाला कठडा विसरू नका. शेजारी झाड हवंच, तापलेल्या फरशीवर दुपारी कोण बसणार!

कुंपणभिंत नियमाने 1.5 मीटरपर्यंत. 2.4 करायची तर वरचे 90 सेंमी जाळीचे लागतात. खरं तर गाळ्यांपुढे भिंत घालूच नका, फाटक गाळ्यांच्या ओळीत मागे घ्या. मात्र अग्निशमन गाडीची वाट नकाशावर आधी आखून मगच कट्टा ठरवा.

पिंपळपार:
हे फार उपयोगी आहे. वर चाळीसारखी गॅलरी मागितली तर आर्किटेक्ट म्हणतो, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर मिळणारं बांधकाम क्षेत्र, त्यात जाईल.

माजघर:
तो खरं सांगतोय. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत जिने, पॅसेज, बाल्कनी एफएसआयमध्ये मोजतात. बदल्यात निवासी बांधकामाला 60 टक्के पूरक एफएसआय असतो, गॅलरी त्यातूनच जाते. शिवाय एकाच बाजूला घरं असलेली गॅलरी लांब होते. म्हणून ती पहिल्या तीन मजल्यांपुरती मागा, त्याच्या वरून मारलेली हाक खाली नीट पोचत नाही. रुंदी दीड मीटर, आणि स्वयंपाकघराची खिडकी तिच्यावर उघडणारी. वरच्या मजल्यांना लिफ्टसमोर रस्त्याकडची एक खिडकी मिळाली तरी माणसं दोन मिनिटं थांबतात.

एका मजल्यावर घरं आठाच्या आत ठेवा. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी दर सात घरांना मिळून साधारण 8 बाय 8 मीटरचा एक चौक दिला होता. तेवढ्या घरांना अंगण आपलं वाटतं, कचरा कोणी टाकला हेही कळतं.