समोरच्या दातांमधील फट : तार लावावी की व्हीनियर बसवावेत?

माहुली_संगम (सातारा)

नमस्कार. माझे वय ३६ आहे. वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये लहानपणापासून थोडी फट होती. गेल्या काही वर्षांत ती वाढली आहे, असे मला आणि घरच्यांनाही जाणवते. त्यांतील डावा दात शाळेत असताना पडल्यामुळे मार लागून हळूहळू करडा झाला, परंतु तो कधी दुखला नाही, म्हणून त्यावर काही उपचारही झाले नाहीत. येथील एका दवाखान्यात समोरच्या सहा दातांवर व्हीनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ चकत्या) बसवून रंग आणि फट दोन्ही पंधरा दिवसांत नीट करता येतील, असे सांगितले. कराडच्या डॉक्टरांनी मात्र सुमारे दीड वर्ष तार लावावी लागेल, असे सांगितले. एकाच तोंडाविषयी दोन इतकी वेगळी मते कशी असू शकतात? कॉस्मेटिक डेंटिस्ट आणि ऑर्थोडॉन्टिस्ट यांच्या कामात नेमका फरक काय, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

मिरजेचा_दंतवैद्य

मी सांगली-मिरज भागात ऑर्थोडॉन्टिक्सचीच प्रॅक्टिस करतो, त्यामुळे माझा कल तारेकडे असणार हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

ऑर्थोडॉन्टिस्ट दाताची जागा बदलतो, दात तोच ठेवतो. तारेने दातावर हलका, सतत दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड झिजते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते; अशा रीतीने मुळासकट दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दीड-दोन वर्षे लागतात ती या हाडाच्या गतीमुळे. शिवाय आम्ही केवळ समोरचे दात पाहत नाही, तर वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा बसतो हेही पाहतो. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये चाव्याचे जे वर्गीकरण मांडले, त्याच भाषेत आम्ही आजही एकमेकांशी बोलतो.

कॉस्मेटिक उपचारांत दात आहे तिथेच राहतो. बदलतो तो त्याचा रंग, आकार किंवा पृष्ठभाग. ब्लीचिंग, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे भरण), व्हीनियर, कॅप हे सारे त्यात येते. व्हीनियरसाठी बहुधा इनॅमलचा, म्हणजे दातावरील कठीण आवरणाचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर घासावा लागतो आणि घासलेले इनॅमल पुन्हा कधीच येत नाही. पोर्सिलेनचे व्हीनियर चांगले सांभाळले तर दहा-पंधरा वर्षे टिकतात, म्हणजे ३६ व्या वर्षी बसवलेले व्हीनियर आयुष्यात एकदा तरी, कदाचित दोनदा, बदलावे लागतील. हा खर्च पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही.

पात्रतेचेही पाहा. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचे एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, ऑर्थोडॉन्टिक्समध्ये करता येते. ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट्री’ नावाची स्वतंत्र एमडीएस शाखा आपल्याकडे नाही. ते काम प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दात व कॅप बसवणारे तज्ज्ञ), रूट कॅनलचे तज्ज्ञ किंवा अनुभवी बीडीएस डॉक्टर करतात आणि अनेक जण उत्तम करतात. पाटीवरील शब्दापेक्षा डॉक्टरांचे एमडीएस कोणत्या विषयात आहे, हे सरळ विचारावे.

मला मात्र आपल्या प्रश्नातील एकच गोष्ट खटकली : फट वाढते आहे. लहानपणापासूनची फट सहसा आहे तशीच राहते. तिशीनंतर समोरचे दात एकमेकांपासून दूर सरकू लागले, तर बऱ्याचदा हिरड्यांचा आजार होऊन दातांना धरून ठेवणारे हाड कमी झालेले असते. त्यावर व्हीनियर बसवले तर दात व्हीनियरसकट सरकत राहतील, आणि सूज तशीच ठेवून तार लावली तर हाड आणखी लवकर जाईल. ब्रश करताना रक्त येते का?

तासगावकर_डॉ

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, तरी दाताचा रंग आणि आकार सुधारणे म्हणजे वरवरची रंगरंगोटी, असा समज होऊ नये म्हणून लिहिते. चित्रपटांतील नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरत्या पातळ चकत्या लावण्याचे काम दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी हॉलिवूडमध्ये केले, पण त्या टिकत नसत. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी इनॅमलवर आम्ल लावून चिकटणे पक्के करण्याची पद्धत दाखवली आणि तिथून पुढे या शाखेला खरा पाया मिळाला. आज दोन मिलिमीटरपर्यंतची फट दोन्ही दातांना थोडे थोडे कॉम्पोझिट लावून, दात जवळजवळ न घासता, एका बैठकीत बुजवता येते. ते पोर्सिलेनइतके टिकत नाही आणि चहाने डागाळते, पण काढता येते. फट याहून मोठी असेल तर मात्र दात फावड्यासारखे रुंद दिसू लागतात. तिथे तारच योग्य.

करड्या दाताचे गणित वेगळे आहे. मार लागल्यावर आतील नस मेली असण्याची दाट शक्यता आहे, आणि दुखत नाही म्हणजे मुळाशी संसर्ग नाही असे नसते. आधी एक्स-रे काढावा, गरज असल्यास रूट कॅनल करावे आणि त्यानंतर दाताच्या आतून ब्लीचिंग करावे. पुष्कळदा एवढ्यावर रंग जुळतो. गडद दातावर थेट व्हीनियर बसवला तर खालचा करडेपणा झाकण्यासाठी तो जाड करावा लागतो. शेजारचे पाच चांगले दात त्यासाठी घासणे मला पटत नाही.

कराडकर

मी डॉक्टर नाही. चाळिशीच्या तोंडावर तार लावून घेतलेला रुग्ण आहे. वय आड येत नाही, मात्र संयम लागतो. सुरुवातीला गालाला आतून फोड येतात, भाकरी भाजीत कुस्करून खावी लागते आणि भाजलेले कणीस विसरावे लागते. आमच्याकडे ऑर्थोचे डॉक्टर बाहेरगावाहून ठरावीक दिवशीच येतात, त्यामुळे एक तारीख चुकली की महिना वाया जातो. हे आधी विचारून घ्या. खर्च जड वाटत असेल तर कराड आणि सांगली येथील दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तिथे वेळ जास्त लागतो, पण एकाच छताखाली सगळ्या शाखा असतात. तार काढल्यावर रिटेनर (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायची पट्टी) टाळू नका. माझ्या ओळखीतल्या एकाने तो डबीतच ठेवला आणि फट परत आली.

माहुली_संगम (सातारा)

सर्वांची आभारी आहे. ब्रश करताना रक्त येते, बऱ्याच दिवसांपासून येते. पण दोन्हीकडे ते कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आईला मधुमेह आहे, माझी तपासणी झालेली नाही. आता सुरुवात नेमकी कुठून करावी?

मिरजेचा_दंतवैद्य

रक्तातील साखर तपासून घ्या, कारण ती वाढलेली असेल तर हिरड्या उपचारांना नीट दाद देत नाहीत. त्याच आठवड्यात हिरड्यांच्या तज्ज्ञांना दाखवून खोल सफाई करावी लागेल का ते ठरवा, आणि करड्या दाताचा एक्स-रे तेव्हाच काढा. हिरड्या शांत झाल्याचे त्यांनी सांगितले, की मग तारेचा निर्णय. मार लागलेल्या दाताचे मूळ तारेच्या दाबाने झिजण्याचा धोका थोडा अधिक असतो, म्हणून कराडच्या डॉक्टरांना तो इतिहास स्पष्ट सांगा. ते दाब हलका ठेवतील आणि अधूनमधून एक्स-रे काढतील. पारदर्शक अलाइनर (तारेऐवजी दातांवर घालायचे प्लॅस्टिकचे साचे) काढून ब्रश करता येतो, त्यामुळे हिरड्या नाजूक असतील तर त्यांचाही पर्याय विचारा, मात्र ते दिवसातले सुमारे बावीस तास घालावे लागतात. आतून ब्लीचिंग शेवटी ठेवा, आणि त्यानंतर कॉम्पोझिट लावायचे असेल तर दोन आठवडे थांबा, नाहीतर ते नीट चिकटत नाही. हाड कमी झालेले आढळले, तर रिटेनर दातांच्या मागे कायमचा चिकटवून घ्यावा लागेल.