पत्र्याच्या शेडमध्ये किट विमान: आधी फक्त शेपूट मागवू का?

लातूरकर
नमस्कार मंडळी. घरामागं १२ बाय २० फुटांचं पत्र्याचं शेड आहे. दोन सीटचं, ॲल्युमिनियमचं, रिव्हेटवालं किट (विमानाचे घरी जोडायचे सुटे भाग) बांधायचं पक्कं केलंय. सुरुवातीला शेपटाचंच किट मागवावं का? रिव्हेट कमी पडले तर इथल्या हार्डवेअरमधले चालतील का?

वाळूज_टूलरूम
रिव्हेटचं आधी सांगतो: अजिबात नको. दुकानातले पॉप रिव्हेट मऊ ॲल्युमिनियमचे असतात, ताण पेलत नाहीत. विमानाच्या एडी (AD, जास्त मजबूत मिश्रधातूच्या) रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. तो दिसला नाही तर तो रिव्हेट वापरू नका.

शेपटापासूनच सुरू करा. पत्रे लहान असतात, एखादा वाया गेला तरी परवडतो, आणि पंखाला लागणारं जवळपास सगळं काम हाताखालून जातं. त्याआधी ०.०३२ इंची पत्र्याच्या तुकड्यांवर सरावाच्या ओळी मारा. १/८ इंची रिव्हेटला ३० नंबरचं ड्रिल, ३/३२ ला ४० नंबर. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. १/८ चा रिव्हेट ठोकल्यावर मागचं डोकं साधारण ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच आलं पाहिजे. भोकाचा मध्य कडेपासून किमान ६.४ मिमी आत हवा, नाहीतर कड फाटते.

रिव्हेट वाकडा बसला तर घाई नको. खळग्यात बिट टेकवून डोक्याच्या जाडीपुरतंच ड्रिल करा, डोकं पंचनं मोडा, पत्र्यामागं लाकडाचा आधार देऊन दांडी हळूच बाहेर ठोका. आरपार ड्रिल केलं की भोक अंडाकृती होतं आणि पुढच्या मापाचा रिव्हेट लावावा लागतो.

कानस
भोकाच्या दोन्ही बाजूंचा बर (ड्रिलनं उठलेली खरबरीत कड) काढायचाच. राहिला तर पत्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत, ठोकताना रिव्हेट फटीत पसरतो. पण डीबरिंग बिटचे हातानं दोन-तीन हलके वळसे पुरेत. जास्त फिरवलं की पातळ पत्र्यात भोकाची कड धारदार होते आणि तडा तिथूनच जातो. पत्र्यावरची संरक्षक निळी फिल्म ब्लेडनं कापू नका, ओरखडा पडतो. गोल टोकाचं गरम सोल्डरिंग आयर्न फिरवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फिल्म महिनोन्‌महिने ठेवलीत तर निघता निघत नाही.

लातूरकर
धन्यवाद दादा. मे महिन्यात शेड भट्टीसारखं तापतं. काम बंद ठेवू का?

वाळूज_टूलरूम
ठोकाठोकी चालू ठेवा, पण जुळवणी आणि ड्रिलिंग सकाळीच. दोन मीटरचं ॲल्युमिनियम २० अंशांच्या फरकानं जवळजवळ ०.९ मिमी वाढतं. सगळेच भाग सारखे तापले तर बिघडत नाही, पण एक पत्रा दारातल्या उन्हात आणि दुसरा सावलीत असला की भोकं सरकतात. लोखंडी जिगवर (भाग जागेवर धरणाऱ्या चौकटीवर) बांधलं तरी तेच, कारण लोखंड जवळपास निम्मंच वाढतं. इपॉक्सी प्रायमरही (गंजरोधक अस्तराचा रंग) पहाटेच मारा, दुपारी डब्यातच घट्ट होतो. मास्क कापडी नको, सॉल्व्हंटच्या वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर घ्या.

कानस
आणि ऑर्डरच्या आधी डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) परवानगीची वाट लेखी विचारून घ्या. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीत गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ साली झाली, त्यामागं अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. प्रत्येक जोडाचा, बंद करण्याआधीचा फोटो आणि तारीख पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा. पत्रा एकदा बंद झाला की आतलं कोणाला दाखवता येत नाही.