मदत हवी आहे: नागीण होऊन गेल्यावर आई विसरायला लागली आहे

नमस्कार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. आई ७२ वर्षांची. गणपतीच्या आधी तिला डाव्या बरगडीखाली नागीण उठली. शेजारच्या आजींनी गेरू लावायला सांगितला, दोन्ही तोंडं जुळली तर काही खरं नाही म्हणाल्या. त्यात आमचे चार दिवस गेले, याची मला फार खंत आहे. फोड बरे झाले, पण ठणका राहिलाच. पदर घासला तरी कळवळते. त्यासाठी प्रीगॅबालिन सुरू आहे, सकाळ-रात्र.

गेला दीड महिना ती विसरते आहे. संकष्टी कधी, एकादशी कधी, हे कालनिर्णय न बघता सांगणारी बाई. परवा कौपिनेश्वराहून येताना राम मारुती रोडवर तिला वळायचं कुठे ते सुचेना. ४० वर्षं त्याच रस्त्याने जाते आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला स्मृतिभ्रंश होता. शेवटी तिने आईलाही ओळखलं नाही. म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच आहे.

ऐरोलीला राहणारा माझा भाऊ म्हणतो, नागिणीचा विषाणू मेंदूत गेलाय, व्हॅलासायक्लोविर ही विषाणूवरची गोळी कायमची सुरू करू. मी दोन आठवडे रात्री वाचत बसले. वेल्समधला अभ्यास मला पटला. तिथे सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस द्यायला लागले, पण २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळाली नाही. म्हणजे दोन-चार आठवड्यांच्या फरकाने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतीत सारखी माणसं. एकांना लस मिळू शकली, दुसऱ्यांना नाही. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान सुमारे २० टक्क्यांनी कमी, बायकांमध्ये फरक जास्त ठळक. २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

पण ती झाली लस. भाऊ जी गोळी म्हणतो, तिची चाचणी अमेरिकेत झाली आहे. सुरुवातीचा अल्झायमर आणि अंगात हर्पिस सिम्प्लेक्स, म्हणजे ओठांवर फोड आणणाऱ्या जातीचा विषाणू, अशा १२० जणांपैकी निम्म्यांना ती गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी ७८ आठवडे दिली. आजार मंदावला नाही. मग आईला कशाच्या भरवशावर द्यायची?

आईचं विसरणं नागिणीमुळे असेल का? नागीण होऊन गेल्यावर लस घेतलेलं कोणी आहे का? इथल्या दवाखान्यात एका डोसाचे दहा हजारांच्या आसपास सांगितले, डोस दोन. पैशांचं जमवू, उपयोग होणार असेल तर.

कोपरखैरणेकर: ताई, मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आधी विषाणू बाजूला ठेवा आणि आईंचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी रक्ततपासणी, बघा. प्रीगॅबालिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. या वयात मूत्रपिंड मंदावलं असेल तर ते अंगात साचतं; झोपाळूपणा, तोल जाणं, गोंधळ, विसरणं, सगळं होतं. मनाने एकदम बंद मात्र करू नका, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतील. आणि भावाला सांगा, मूत्रपिंड कमजोर असताना व्हॅलासायक्लोविरनेही म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. बी-१२ आणि थायरॉइडही करून घ्या.

सानपाडा_७: माझ्या सासूबाईंनी नागीण पूर्ण बरी झाल्यावर लस घेतली. दोन डोसांत तीन महिने ठेवले. दोन दिवस हात दुखला, ताप आला. आम्ही घेतली ती नागीण परत होऊ नये म्हणून, तुम्हीही त्यासाठीच घ्या. वेल्समध्ये दिलेली लस जिवंत विषाणूची होती, आता इथे मिळते ती वेगळी. तिच्यावरही अमेरिकेतल्या नोंदींवरून ऑक्सफर्डच्या लोकांनी २०२४ मध्ये आशादायक निष्कर्ष काढलेत, पण आधीच सुरू झालेलं विसरणं लसीने परत फिरतं असं कुठे वाचलं नाही.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. फाईल काढून बघितली. क्रिएटिनिन गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर केलेलंच नाही, आणि विसरणं सुरू झालं ते प्रीगॅबालिनचा डोस वाढवल्यानंतर आठवड्याभरात. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या सकाळी रक्त द्यायला नेते, भावालाही बोलावलंय. नौपाडा किंवा पाचपाखाडीत म्हाताऱ्या माणसाला वेळ देऊन तपासणारे, जिना चढावा लागणार नाही असे न्यूरॉलॉजिस्ट कोणाला माहीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.